खिडकीखालची तारीख

१

बातमी आली त्या दिवशी भिंगदादा एका आजीबाईंची काच घासत होते. उणे अकरा नंबर. एवढ्या नंबराच्या काचा तयार मिळत नाहीत, त्या हातानंच उतरवाव्या लागतात, आणि ते काम कारखान्यात आता दादांखेरीज कुणाला येत नव्हतं. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, ओळीनं चार चाकं, पांढुरक्या चिखलानं भरलेली पन्हळ आणि सहा माणसं. पस्तीस वर्षांपूर्वी दादा इथे लागले तेव्हा चाकं अकरा होती.

चहाच्या वेळी मालक खाली आले. एरवी ते खाली येत नसत. हातात एक कागद होता, तो त्यांनी वाचला नाही, नुसता धरून ठेवला.

"तुम्हाला सगळ्यांना अंदाज होताच," ते म्हणाले. "ह्या महिन्याअखेर आपण थांबतोय."

पॉलिशवाला म्हणाला, "म्हणजे मालक, तीस तारखेपर्यंत नीट दिसणार. पुढचं ज्याचं त्यानं चाचपडायचं."

सगळे हसले. मालकही हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. तो चष्मा दादांनीच केलेला होता.

दादांनी आजीबाईंची काच पुरी केली. मायक्रोमीटर लावून जाडी बघितली, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवली आणि रोजच्यासारखे साडेपाचला निघाले. वाटेत तीन घरांवर विक्रीच्या पाट्या होत्या. मागच्या महिन्यात एकच होती.

घराशी आले, किल्ली फिरवली, दार ढकललं आणि तोंड उघडून थांबले.

ह्या दाराची एक रीत होती. त्याची वरची बिजागरी कुरकुरायची. आधी बारीक, मग एकदम मोठ्यानं, झोपेतून उठवलेल्या माणसासारखी. तो आवाज झाला की आतून बायको विचारायची, "आलात?" आणि दादा म्हणायचे, "आलो." तेवीस वर्षं हेच चाललं होतं. बायको गेली त्याला आता चौदा महिने झाले होते. विचारणारं कुणी नव्हतं, पण दार कुरकुरायचं आणि दादा जोडे काढता काढता म्हणायचे, "आलो." सवय म्हणा, दुसरं काय.

आज दार उघडलं आणि आवाज झाला नाही.

त्यांनी ते लावलं. पुन्हा उघडलं. पाण्यातून हात फिरावा तसं दार फिरलं. "आलो" हा शब्द त्यांच्या तोंडात तसाच राहिला.

२

हवेनं लाकूड आकसतं, लोखंड सैलावतं. दादांनी स्वतःला हे सांगितलं, पाणी प्याले, आणि मग स्टूल घेऊन दाराशी आलेच.

बिजागरीला तेल लागलेलं होतं. स्क्रू आवळलेले होते आणि चारही स्क्रूंच्या खाचा अगदी उभ्या होत्या. बायकोची खोड ती. आडवी खाच तिला चालत नसे. "उभी असली की सैल झालेली लगेच कळते," असं ती म्हणायची. बिजागरीच्या आतल्या बाजूला, दार पूर्ण उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: ४/९.

काल चार सप्टेंबर होती.

पण साल नव्हतं. साल ती कधीच लिहीत नसे. "साल आपल्याला ठाऊक असतंच की," म्हणायची. तेव्हा ही तारीख कुठल्याही वर्षातली असू शकत होती. दादा स्टुलावरून उतरले आणि बराच वेळ ते स्टूल तिथेच राहिलं.

घर घेतलं तेव्हाही दिवस असेच होते. कारखान्यात पगार दोन तुकड्यांत मिळत होता, बँकेनं पंधरा दिवस दारं लावून घेतली होती, आणि जो तो हात आखडून बसला होता. म्हणून तर हे घर त्यांच्या आवाक्यात आलं. मेहुणे तोंडावर म्हणाले होते, "लोक बुडत्या नावेतून उड्या मारताहेत आणि तुम्ही तिकीट काढताय."

"मग बसायला जागा तरी मिळेल," बायको म्हणाली होती.

घर तिनं कानानं घेतलं. विकणारा पोस्टमास्तर भिंती दाखवत होता, आणि ही बोटाच्या पेरांनी भिंतीवर टकटक करून कान लावत होती. मग दादांना म्हणाली, "तुम्ही वरच्या खोलीत चाला बघू." दादा चालले. "आता जिना उतरा." उतरले. तिसरी पायरी करकरली तशी ती हसली. "घेऊ या. ह्या घराला आवाज आहे. मुकं घर नको मला. मुक्या घरात माणूस आहे का गेलं, काही कळत नाही."

हप्ता भरला की हातात काही उरत नसे. कारागीर बोलावायचा प्रश्नच नव्हता. म्हणून तिनं नियम केला, महिन्याला एक काम आणि तेही आपल्या हातानं. काम झालं की त्या जागी, कुणाला दिसणार नाही अशी, पेन्सिलीनं तारीख. तारीख पडेपर्यंत काम झालं म्हणायचं नाही. एकदा दादांनी खोलीभर रंग देऊन "झालं!" म्हणून हात झटकले, तर ही कमरेवर हात ठेवून उभी. "तारीख कुठंय?" दादांना वाटलं, आता कपाळावर टाकते की काय.

दिव्यांच्या बटणांच्या खोक्यांमागे, मोरीखाली, कपाटांच्या पाठींवर अशा तारखा घरभर होत्या. पण ही बिजागरी तिनं कधी हातात घेतली नव्हती. दादा तेलाची बाटली घेऊन गेले होते तर तिनं ती काढून घेतली होती. "राहू द्या. घंटी बसवायचे पैसे वाचताहेत."

३

मुलगी एरवी रविवारी फोन करायची. बातमी कळली तसा त्याच संध्याकाळी आला.

"बाबा, आता पुरे. विका ते घर आणि इकडे या."

"तुझ्या दीड खोलीत?"

"दोन आहेत. तुम्ही कधी येऊन मोजल्यात?"

"यंदा छप्पर बघायचं ठरवलं होतं—"

"तेच म्हणतेय ना मी. पगार बंद झाल्यावर छप्पर कशानं बघणार? काचांनी?" ती जरा थांबली. "आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं."

"आई असती तर शिडी लावून वर चढली असती."

दोघंही हसली. तिचं म्हणणं खरं होतं. छप्पर, कर, दरवर्षीचं काही ना काही, हे सगळं घर पगारावर उभं होतं, आणि पगार महिनाअखेर संपणार होता.

दोन दिवसांनी दलाल आला. चाळिशीचा, बोलका. घरात शिरल्या शिरल्या त्यानं सगळे नळ सोडून बघितले, सगळे दिवे लावून बघितले.

"काका, घर चांगलंय. पण बाजार पडलाय. आजकाल गिऱ्हाईक घरात आलं की डोळे मिटून कान उघडतं. काही वाजलं की भाव पाडतं. आता बघा, न्हाणीघरातला नळ टपकतोय. पायरी करकरतेय. फ्रीज तर ट्रकसारखा घुमतोय. आणि मागच्या खोलीतली ती खिडकी, ती थंडी भरल्यासारखी दात वाजवतेय. एवढं सगळं जरा शांत करून घ्या." जाताना त्यानं पुढचं दार दोनदा उघडलं आणि मिटलं. "हे मात्र झकास. लोण्यासारखं फिरतंय."

"हो," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घड्याळ बघितलं, खिसे चाचपले. अर्धी दाढी झाल्यावर लक्षात आलं. नळ टपकत नव्हता.

ते बॅटरी घेऊन बेसिनखाली आडवे झाले. पाइपमागच्या भिंतीवर, ओल न लागणाऱ्या कोपऱ्यात, निळी पेन्सिल: ७/९. सातचा बाक तसाच, जरा जास्त वळवलेला. किराणा लिहितानाही ती सात असाच काढायची. दादा पाठीवर पडून तो सात बघत राहिले. लादी गार होती, आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला त्यांना भीती नाही वाटली. कुणीतरी घरी आहे असं वाटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

४

फ्रीज थांबला. म्हणजे चालू होता, आत दूध गारच होतं, पण घुमत नव्हता. मागे तारीख होती. मग वरच्या पंख्याची टिकटिक गेली. मग भिंतीवरच्या घड्याळाची. काटा पुढे सरकत होता, पण पाय न वाजवता.

दादांचा विश्वास मोजमापावर. ते म्हणाले, माणूस झोपेत चालतो, झोपेत बोलतो, झोपेत वायसरही बदलत असेल. म्हणून त्यांनी हत्यारांच्या पेटीला दोरा बांधला, गाठीवर मेण लावलं. टेबलाच्या खणात बायकोच्या निळ्या पेन्सिलीचं थोटूक होतं, ते मायक्रोमीटरमध्ये धरून मोजलं. एकवीस पूर्णांक वीस मिलिमीटर. मग एक मुद्दाम केलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाची मूठ सैल करून ठेवली. बघू, म्हणाले.

चार दिवसांनी मूठ तशीच सैल होती. पेटीचा दोरा, मेण, सगळं जागच्या जागी होतं. पेन्सिल वीस पूर्णांक नव्वद भरली.

आणि जिन्याची तिसरी पायरी गप्प झाली होती.

त्या पायरीवर दादा जरा बसलेच. मुलगी कॉलेजात असताना उशिरा यायची आणि तिसरी पायरी ओलांडून वर जायची, आई उठू नये म्हणून. आई आत पडल्या पडल्या हसायची. "पोरगी आली," दादांना सांगायची. "कशावरून? आवाज तर नाही झाला." "दुसरी वाजली, चौथी वाजली. मधली गाळून कोण येणार दुसरं?"

आता दादांनी पाय आपटून बघितला. दुसरी, तिसरी, चौथी. त्यांच्या पायांचाही आवाज होत नव्हता. गादीवर पाय द्यावा तसं.

मूठ सैल, पायरी गप्प. त्यांनी ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या, एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याशी ताडून बघावा तशा. मूठ मोडलेली होती पण वाजत नव्हती. पायरी मोडलेली नव्हती, पण वाजत होती. म्हणजे मोडकं ते नीट होत नव्हतं. वाजतं ते बंद होत होतं.

अक्षर तिचं होतं. खाचा तिच्या होत्या. पण मुकं घर नको म्हणणारी बाई हे कशाला करेल?

त्या दिवशी दादांनी रेडिओ लावला. तो दुपारपर्यंत चालला.

५

न्हावी त्यांचा जुना. खुर्चीत बसवून, पांढरं कापड गुंडाळून तो एकीकडे कात्री चालवायचा आणि दुसरीकडे तोंड.

"काय काका, कारखाना बंद म्हणे. आता काय, चष्मा लावून पेपर वाचायचा."

"पेपरात काय आहे वाचण्यासारखं?"

"ते पण खरंच. आमचं बरंय, केस काही मंदी बघून वाढायचे थांबत नाहीत." त्यानं कात्री कचकच वाजवली. दादा तो आवाज ऐकत होते. रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्या गिरणीचा पट्टा, न्हाव्याचा श्वास, सगळं किती स्वच्छ येत होतं! आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की ते इतकं स्वच्छ का येतंय.

बायको गेली त्या दिवसापासून त्यांच्या डाव्या कानात एक बारीक सूं असा आवाज होता. कानाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ह्याला औषध नाही, सवय करून घ्या. दादांनी ती केली होती. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की त्या आवाजाशी बोलायचेही कधी कधी.

तो आवाज नव्हता.

"काका," न्हावी म्हणाला आणि त्याची कात्री थांबली. "हे कानामागं काय लिहून ठेवलंय? सुतारासारखं?"

"काय?"

"पेन्सिलीनं आहे. निळी. थांबा हं, कान जरा वाकवतो. सतरा. सतरा, नऊ. कशाची तारीख ही? कागद मिळाला नाही काय घरात?" तो स्वतःच्या विनोदावर हसला आणि ओल्या टॉवेलनं त्यानं ती जागा खसाखसा चोळली. "गेलं बघा."

"पुसू नका!" दादा ओरडले.

न्हाव्यानं घाबरून मागचा आरसा धरला. आरशात चोळून लाल झालेली कातडी तेवढी होती.

त्या दिवशी अठरा तारीख होती.

६

गिऱ्हाईक चोवीस तारखेला आलं. तरुण जोडपं. तो मोजपट्टी घेऊन फिरत होता, तिचे दिवस भरत आले होते म्हणून ती सावकाश चालत होती. जिन्यापाशी थांबून तिनं बोटाच्या पेरांनी भिंतीवर टकटक केली आणि कान लावला. दादा तिच्या बोटांकडे बघत राहिले.

"काही ऐकूच येत नाही हो," ती नवऱ्याला म्हणाली.

"बरंच आहे की. आत्ता राहतो तिथे शेजारचा शिंकला तरी आपण दचकतो."

"नाही, तसं नाही. मी ठोकलं ना आत्ता, तेही ऐकू आलं नाही."

"तू हळू ठोकलं असशील," तो म्हणाला.

मागच्या खोलीत मात्र ती खिडकी खडखडत होती. नवऱ्यानं काचेला बोट लावलं, आवाज थांबला. बोट काढलं, पुन्हा सुरू. "एवढी नीट करून द्या," तो म्हणाला. "आणि ही काचही बदला. बाहेरचं सगळं वाकडंतिकडं दिसतंय." मग दलालानं दादांना बाजूला घेतलं. "काका, जमलं. भावही बरा देताहेत. एवढी खिडकी झाली की लगेच सह्या करू."

सगळे गेल्यावर दादा पुट्टीचा डबा घेऊन त्या खोलीत गेले.

काच जुनी होती. मधोमध तिला एक लहर होती, भट्टीतून निघताना पडलेली. दादांच्या धंद्यात अशी काच फेकून देतात. पण बायकोनं ती बदलू दिली नव्हती. "ह्यातून बघितलं की अंगणातलं झाड पोहताना दिसतं." चौदा महिन्यांपूर्वी, एका दुपारी, जुनी पुट्टी खरवडून ती नवी भरत होती. अंगावर तो विटका निळा सदरा, दादांचाच, कामासाठी राखलेला. कानावर पेन्सिल. वरची कड झाली, उजवी झाली, डावी झाली. खालची राहिली होती. "हात धुऊन येते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. दादा पुट्टीचा गोळा हातात मळत तिची वाट बघत बसले. गोळा मऊ ठेवावा लागतो, नाहीतर घट्ट होतो. बराच वेळ मळत बसले.

आता त्यांनी डबा उघडला. जवसाच्या तेलाचा वास आला, त्या दुपारचाच. मग डाव्या कोपऱ्यापासून अंगठ्यानं पुट्टी दाबत ते वीतभर पुढे आले. पुट्टी बाहेरून कशी बसली आहे ते बघायचं असतं, म्हणून हात पुसून अंगणात गेले.

काचेत स्वतःची सावली, झाड, आभाळ. त्यांनी मान जरा उजवीकडे केली आणि डोळा त्या लहरीवर आला.

आत, खिडकीशी, कोपरापर्यंत दुमडलेली निळी बाही होती.

दादांनी मान अर्धा इंच हलवली. रिकामी खोली. पुन्हा लहरीवर आणली. बाही होती. तिच्यातून आलेला हात खालच्या कडेवर टेकला होता आणि अंगठा पुट्टी दाबत उजव्या कोपऱ्याकडून डावीकडे येत होता. दाबायचा, सरकायचा, दाबायचा. वाकड्या काचेत सरळ रेघही नागमोडी होते, दादांना हे दुसऱ्यांना शिकवून पस्तीस वर्षं झाली होती. असं काहीतरी दिसतं अशा काचेत. सावली दिसते, फांदी दिसते, फांदीला हात फुटतो.

मग तो अंगठा थांबला. बाहेर कुणी उभं आहे हे कळल्यासारखा.

थोडं खाली वाकलं असतं तर त्या बाहीच्या वरचं दिसलं असतं. तोंड दिसलं असतं. तिचं, किंवा ज्याचं असेल त्याचं. दादा वाकले नाहीत.

ते आत आले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. खालच्या कडेवर डावीकडून त्यांची पुट्टी होती, उजवीकडून दुसरी, आणि मधे एका अंगठ्याएवढी जागा उरली होती. तेवढ्या फटीनं काच अजून वाजत होती, अगदी हळू. बाकी घरात आवाज म्हणून नव्हता. फ्रीज नाही, घड्याळ नाही, कानातली ती सूं नाही. दादा श्वास रोखून ऐकत राहिले.

मग त्यांना दुसरा एक आवाज ऐकू आला. जवळून येत होता. धड, धड, धड, न चुकता. त्यांनी छातीवर हात ठेवला.

घरात आता दोनच गोष्टी वाजत होत्या. एक खिडकी, आणि दुसरी तो हात ज्यावर ठेवला होता ती.

दादांनी खरवडायचं पातं उचललं आणि खालच्या कडेची सगळी पुट्टी, आपली आणि ती, खरवडून काढली. काच पुन्हा मोठ्यानं खडखडायला लागली.

७

कारखाना तीस तारखेला बंद झाला. आजीबाई शेवटच्या दिवशी चष्मा न्यायला आल्या, लावून इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई बाई, नको इतकं दिसतंय." मालकांनी दादांना एक चाक देऊन टाकलं. ते त्यांनी पुढच्या खोलीत बसवलं आहे. अवघड नंबराच्या काचा येतात कधी कधी, त्यावर भागतं जेमतेम. चाक सुरू केलं की सगळी खोली थरथरायची. दादांना ते बरं वाटलं होतं. तीन दिवस टिकलं. आता चाक फिरतं, काच उतरते, पाणी उडतं, आणि ऐकू काही येत नाही. खाली तारीख आहे, दादांनी बघितली.

मुलगी फोनवर रागावते. "गिऱ्हाईक किती दिवस थांबेल, बाबा? एका खिडकीसाठी?" दलाल तर हात जोडतो. "काचवाले ना तुम्ही? आणि एक काच बसेना?"

"थोडंसंच राहिलंय," दादा म्हणतात.

रोज सकाळी खालच्या कडेवर पुट्टी भरलेली असते. ताजी, अंगठ्याच्या खुणा असलेली, मधे थोडी जागा सोडून. ती जागा कमी कमी होत चालली आहे. दादा चहाच्या आधी जाऊन ती खरवडतात. दोन-तीनदा त्या खुणांवर त्यांनी आपला अंगठा ठेवून बघितला. बायकोचा अंगठा लहान होता. ह्या खुणा तेवढ्याच आहेत का, हे मोजायला मायक्रोमीटर समोरच्या खणात आहे. अजून मोजलेलं नाही.

संध्याकाळी बाहेरून आले की दार मुकाट उघडतं. दादा उंबऱ्यात थांबतात, जोडे हातात धरून. मागच्या खोलीत वारा लागतो, काच खडखडते.

"आलो," ते म्हणतात.

खिडकीखालची तारीख अजून टाकलेली नाही.